‘अर्थ विचारायचा नसतो’

वेल्ह्याकडच्या एका घरात मी एकदा ओसरीवर बसून, आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात कुराणातली एक आयत वाचली. त्या घराला त्या दिवशी नेमकी त्याच आयतीची गरज होती, दुसरी कुठलीही चालली नसती. आणि ती त्या घरात एकालाही कळली नाही. वाचणारीला तर मुळीच नाही. वाचून झाल्यावर मी चहात बिस्किट बुडवून खाल्लं, ओढणी सारखी केली, आयतीत जे सांगितलं होतं त्याच्या बरोब्बर उलटं त्या घरच्या सुनेला सांगितलं आणि भोरची एसटी पकडली.

इतका नेमका गाढवपणा करायलाही अंगात कसब लागतं. ते माझ्यात भरपूर होतं.

मी कुराण वाचायला शिकवते. भोरात मला उस्तानीबी म्हणतात, उस्तानी म्हणजे मास्तरीण. शाळा सुटली की पोरं आमच्या ओसरीवर यायची, अजूनही येतात. आधी कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पातळ पुस्तक. मग जोडलेली अक्षरं, मग एकेक पारा, म्हणजे कुराणशरीफाचा एकेक भाग. लाकडी घडीच्या पाटावर पुस्तक उघडायचं आणि मी अक्षरावर खराट्याची काडी टेकवायची. काडीचा दुसरा उपयोगही पोरांना ठाऊक होता. काही अक्षरं ओठांतून येतात, काही टाळूवरून, आणि काही थेट घशाच्या तळातून. ती तळातली काढून घेणं ही खरी मेहनत. मी आत भाकरी थापत असले तरी बाहेर कुणी सूर आखूड सोडला की मला ऐकू यायचं. तिथूनच ओरडायचे, “ए, लांबव की! एसटी चुकतीये का?”

बाहेरच्या माणसांना या कामातली एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, म्हणून सांगते. आम्ही वाचायला शिकवतो, भाषा शिकवत नाही. समजा, तुमच्यापैकी कुणी तमिळ अक्षरं शिकलं, एक जाडजूड ग्रंथ खणखणीत वाचून काढला, शेवटच्या पानाला घरच्यांनी गळ्यात हार घातला, पेढे वाटले. आणि त्या ग्रंथात पाणी कुठं आणि भात कुठं म्हटलंय हेही त्याला दाखवता येईना. तसं. यात कुणी कुणाला फसवत नाही. मला माझ्या आईनं असंच शिकवलं, तिला तिच्या आईनं. नुसतं वाचण्याचंही पुण्य आहे, आम्ही त्याला सवाब म्हणतो. आणि त्या आवाजानं जीव निवतो, हेही खोटं नाही. मी आजही पहाटे वाचते ती त्यासाठीच.

पण पोरांत एखादं असं निघायचंच, जे काडीखालच्या अक्षराऐवजी माझ्या तोंडाकडे बघायचं आणि म्हणायचं, “उस्तानीबी, म्हंजे काय?”

माझं उत्तर ठरलेलं होतं. “अर्थ विचारायचा नसतो. आधी जबर-जेर नीट कर.” जबर-जेर म्हणजे अक्षराच्या वरच्या-खालच्या खुणा. हे सांगताना मी असा चेहरा करायची की जणू अर्थ मला पाठ आहे, फक्त समोरच्याची अजून तेवढी लायकी झालेली नाही. हा चेहरा मी आरशापुढे घोटून बसवला होता. चाळिशीतली ती बाई, म्हणजे मीच, आज समोर आली, तर खराट्याच्या काडीनं तिचीच पाठ मोजीन.

तिची ऐट बघण्यासारखी होती. पांढरी इस्त्रीची ओढणी, कानामागं गुलाबाचं अत्तर, काखेत छत्री. नवं घर, नवं दुकान, बाळंतपण, मयत, काहीही असो, भोर-वेल्ह्यातल्या आमच्या घरांतून तिला बोलावणं यायचं. आंबवड्याच्या एका पाटलीणबाईंनी तर म्हैस पान्हा चोरते म्हणून माझ्याकडून पाण्यावर फुंकर मारून घेतली होती. म्हैस दुसऱ्या दिवशी दूध द्यायला लागली. पाटलीणबाईंनी त्याच दिवशी पेंडही बदलली होती, हे मला मागाहून कळलं, पण तोवर माझं नाव झालं होतं. कुठे काय वाचायचं हे मी कसं ठरवायची? कानानं. बाळंतपणाला हे गोड वाटतं, दुकानाला ते भारदस्त वाटतं. साडी निवडावी तसं.

आता वेल्ह्याकडचं ते घर. गाव गुंजवणीच्या खोऱ्यातलं, चार भाताची खाचरं असलेलं घर. सून रजिया. तिला आधीच्या दोन मुली आणि आठवड्यापूर्वी तिसरी झालेली. सासू हुसेनबी, आवाज असा की खाचराच्या त्या टोकाचा बैलही कान टवकारायचा. हुसेनबीची लेक साताऱ्याला दिलेली, तिला मूल नव्हतं. सासूनं परस्पर ठरवून टाकलं होतं की ही तिसरी साताऱ्याला द्यायची. त्या दिवशी जावळ काढून, नाव ठेवून, दुपारच्या गाडीनं मुलगी जाणार होती. घरातून काही बाहेर जातंय तर मागं बरकत राहावी म्हणून मला वाचायला बोलावलेलं.

नणंद नवं झबलं घेऊन आली होती. वाईट बाई नव्हती ती, बिचारी मुलीकडे बघून सारखी डोळे पुसत होती. रजिया दाराआड बसली होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

मी माझं ठेवणीतलं काढलं. शेवटच्या पाऱ्यातली एक सूरा आहे, म्हणजे प्रकरण म्हणा. तिच्या छोट्या छोट्या ओळी एकाच ठेक्यात पडतात. उखळात साळी कांडताना मुसळ पडावं तशा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मीही त्या दिवशी जीव ओतून वाचलं. हुसेनबी पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, “वा गं उस्तानी! काळीज हाललं बघ.”

पाणी प्यायला आत गेले तर रजियानं माझा हात धरला. बाळंतिणीचा हात, गरम.

“उस्तानीबी, आत्ता वाचलं त्यात काय हाय?”

“बरकत आहे बाळा.”

“तसं न्हाई. म्हंजे त्यात काय म्हनलंय? लेकरांचं काय म्हनलंय का? पोरींचं?” मग आणखी हळू म्हणाली, “ह्या घरात कुनाचंच माझ्या बोलन्याकडं लक्ष न्हाई. पन कुरानात काय असंल तर ऐकत्याल.”

बघा, बाई काय मागत होती. तिच्याजवळ स्वतःचा शब्द नव्हता. ती माझ्याकडे एक शब्द उसना मागत होती.

मी तो घोटलेला चेहरा केला. म्हटलं, “अर्थ विचारायचा नसतो, रजिया. सवाब बघायचा. मन घट्ट कर. पुढच्या खेपेला मुलगा होईल बघ.”

तिनं हात सोडला. दुपारी मी ज्या एसटीनं भोरला निघाले, त्याच एसटीत पुढच्या बाकावर झबल्यातली मुलगी होती. नाव ठेवलं होतं सलमा. नसरापूर फाट्याला तिला घेऊन नणंद उतरली. मी खिडकीतून हात केला. मला त्या दिवशी स्वतःचं वाचन फार आवडलं होतं.

ती आयत कोणती, हे मला कळायला पुढं पाव शतक जावं लागलं. आणि कळण्याचं निमित्त झालं चकलीचा सोऱ्या.

आमच्या शेजारच्या वहिनी हायस्कुलात मराठी शिकवायच्या, आता रिटायर आहेत. माझ्याकडे पितळी सोऱ्या आहे, माझ्या आईचा. एका दिवाळीला वहिनी दारात आल्या. “भाभी, तुमचा सोऱ्या देता का जरा? आमच्या सोऱ्याची चकती कुठं गेली कळत नाही.”

मी म्हटलं, “अगंबाई, माझाही कुठं अडगळीत गेलाय, सापडेल तर शपथ.”

सोऱ्या माझ्या डोक्यामागं खुंटीला टांगलेला होता. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, “बरं” म्हणाल्या आणि गेल्या. मी दार लावून मगरीबच्या, म्हणजे सांजेच्या नमाजाला उभी राहिले.

दिवाळी झाल्यावर वहिनी ताटलीभर चकल्या घेऊन आल्या. काखेत एक जाड पुस्तक होतं, वाचनालयाचं. कुराणाचं मराठी भाषांतर. एका पानात त्यांनी चकलीच्या पुडीचा कागद खूण म्हणून घातला होता.

“एवढंसंच आहे. वाचा ना भाभी.”

मी चकली तोडत चष्मा लावला. अनाथाला ढकलून देणाऱ्यांबद्दल होतं. मग जे नमाज पढतात पण त्यांचं लक्ष त्यात नसतं, लोकांनी बघावं म्हणून पढतात, आणि शेजारीपाजारी मागितली तर रोजच्या वापरातली साधी वस्तूसुद्धा देत नाहीत, त्यांची धडगत नाही, अशा अर्थाचं होतं. मी म्हटलं, बरोबर आहे, असे लोक असतात. मग वरचं नाव वाचलं. माऊन.

माऊन! अहो, ही सूरा मी रोज नमाजात म्हणत होते. का, तर लहान आहे, लवकर उरकते. सोऱ्या खुंटीला असताना नाही म्हणून नमाजाला उभी राहिले, त्या संध्याकाळीही मी हीच म्हटली होती. वर कुणाला ऐकू जावं म्हणून जरा खुलवून.

हातातली चकली ताटलीत परत ठेवली. मी म्हटलं, “वहिनी, तुम्ही हे मुद्दाम शोधून काढलंत.”

“छे हो,” वहिनी म्हणाल्या, “मी सोऱ्या शोधत होते. हे सापडलं.”

सोऱ्या त्याच दिवशी त्यांच्या घरी गेला. पुस्तक माझ्याकडे राहिलं.

पुढचे महिने मला काय झालं होतं ते सांगता येत नाही. एखाद्या बाईनं जन्मभर एका माणसाशी संसार करावा आणि म्हातारपणी कळावं की हा माणूस बोलतो, आणि फार छान बोलतो, तसं काहीतरी. कुठलीही पाठ असलेली ओळ मनात म्हणायची आणि पान शोधायचं. बघू तरी, ही काय म्हणत होती? एका ठिकाणी मुंगी निघाली. सैन्य येतंय, बिळात शिरा, नाहीतर न कळत तुडवल्या जाल, असं बाकीच्या मुंग्यांना ओरडून सांगणारी. मी भाकरी तव्यावर करपवून ते पान वाचलं. एका ठिकाणी गाय निघाली. गाय कापा एवढाच हुकूम, तर ती माणसं विचारतायत, किती वयाची, रंग कुठला, कामाची का बिनकामाची, आणि शेवटी तोंडाला फेस येईस्तोवर शोधत बसतात. मी एकटीच हसत होते. आमच्या नगरपालिकेच्या सभेचंच वर्णन!

आणि मग शिवऱ्याचं दुकान निघालं. हायवेवर एकानं टायरचं मोठं दुकान टाकलं होतं, त्याच्या उद्घाटनाला मी एक भारदस्त सूरा वाचली होती. पान काढून बघते तर काय, आणखी हवं, आणखी हवं, या हव्यासात तुम्ही असे गुंगलात की कबर गाठली. टायरच्या दुकानात! फुलांच्या माळा लावलेल्या, गिऱ्हाईक उभं, आणि मी डोळे मिटून हे सुनावतेय. दुकानदारानं खूश होऊन दुसऱ्या शाखेलाही मलाच बोलावलं होतं. दुसऱ्या शाखेला म्हणजे तर कमालच झाली. तिथंही मी तेच वाचलं.

मनात शंका होतीच, की भाषांतर मराठी, पुस्तक वाचनालयाचं, आपण अडाणी, चुकलं-माकलं तर? म्हणून आमच्या मशिदीतल्या हाफिजसाहेबांकडे गेले. हाफिज म्हणजे ज्यांना पूर्ण कुराण तोंडपाठ. माझ्या नातवाच्या वयाचे आहेत, पण साहेब म्हणायचं. मी खुणा घातलेली पानं पुढं केली.

त्यांनी सावकाश वाचलं. म्हणाले, “बरंचसं बरोबर आहे खाला. पण भाषांतर ते भाषांतर. एकेका शब्दाला चार पदर असतात. अडलं की विचारत जा.”

“आणि तुम्हाला अडलं तर?”

ते हसले. “मग दोघं मिळून कुणाला तरी विचारू. मीसुद्धा लहानपणी नुसतंच पाठ केलं होतं.”

त्या दिवसापासून ओसरीवरचा रिवाज बदलला. आधी आयत वाचायची, मग तिचं मराठी. हाफिजसाहेबांकडून तपासून आणलेलं. पोरं इतके प्रश्न विचारतात की माझा पारा संपत नाही. हत्ती घेऊन चालून आलेल्या सैन्याच्या गोष्टीत हत्तीला का मारलं, त्याचा काय दोष, असं परवा एकीनं विचारलं आणि मला हाफिजसाहेबांचं दार गाठावं लागलं. दोन घरांनी पोरं काढून घेतली. “उस्तानीबी गोष्टी सांगत बसत्यात, पारा पुढं सरकत न्हाई.” त्यांचंही चूक नाही. पूर्वीच्या हिशेबानं मी खरंच मंद झालेय.

असंच एका दुपारी एकीला ती ठेक्याची सूरा शिकवायची होती, मुसळाच्या ठेक्याची. मी आधी स्वतः पान काढलं. सूर्य गुंडाळला जाईल, तारे निखळतील, डोंगर चालू लागतील, भरल्या दिवसांच्या उंटिणी कुणी वाली नसल्यासारख्या सोडून दिल्या जातील, समुद्र उकळतील. वाचता वाचता माझ्या तोंडात तो जुना ठेका चालू झालाच होता. आणि मग आलं, जिवंत पुरलेल्या मुलीला जेव्हा विचारलं जाईल की, तुला कुठल्या गुन्ह्यासाठी मारलं?

तोंडातला ठेका तिथंच तुटला.

मी पान मिटलं. मला ते घर आठवलं, ओसरी आठवली, हुसेनबींचा डोळ्याला लावलेला पदर आठवला. आणि रजियाचा गरम हात. पोरींचं काय म्हटलंय का, विचारत होती ती. ओठांवर होतं माझ्या. नुकतंच वाचून उठले होते.

आणखी पुढं शोधलं तर मधमाशीच्या नावाच्या सूरेत आणखी एक सापडलं. मुलगी झाली असं कळताच ज्याचं तोंड काळं पडतं, जो लोकांपासून तोंड लपवतो, त्याचंच वर्णन. पुस्तक वाचतेय की हुसेनबींची ओसरी बघतेय, कळेना.

आठवडाभर स्वतःची समजूत घालत होते. म्हटलं, मुलगी आत्याच्या घरी देणं म्हणजे पुरणं नव्हे, चांगली वाढली असेल. म्हटलं, आता जाऊन काय उपयोग, दुखणं उकरायचं. पण एकदा प्रश्न मनात घुसला की तो मुंगीसारखा फिरतो. त्या मुलीचं काय झालं? त्या बाईचं काय झालं? शेवटी छत्री घेतली आणि वेल्ह्याची एसटी धरली.

घर तेच, आता सिमेंटचं. रजिया ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. कोपऱ्यातल्या बाजेवर हुसेनबी, चिपाड झालेल्या, कानानं जड झालेल्या.

रजियानं ओळखलं. “अगंबाई, उस्तानीबी! अजून हाय तुमी?” मग जीभ चावली. “म्हंजे तसं न्हवं…”

“तसंच, तसंच. मलाही रोज सकाळी उठल्यावर नवल वाटतं.”

हसलो दोघी. चहा झाला. मी विचारलं, सलमा कशी आहे?

रजिया सुपातल्या तांदळाकडे बघत बोलली. “बरी हाय. लगीन झालं, लेकरं हायत. नणंदनं लई जीव लावला तिला, खोटं कशाला बोलू. ईदला येती. पावन्यावानी बसती, पानी पिती, मला मामी म्हनती. लग्नात कुनीतरी तिला सांगितलं, खरी आई कोन त्ये. तवा हितं आली, दारातनंच म्हनली, ‘मामी, नको हुते तर नको हुते. माझा राग न्हाई.’ आनि गेली.”

“तू काय म्हणालीस?”

“काय म्हननार? म्या तवा बोलले न्हाई, मंग आता कुठल्या तोंडानं सांगू, की मला हवी हुती म्हनून?”

मी चष्मा पुसला. मग म्हटलं, “रजिया, ती मुलगी नेली त्या दिवशी तू मला एक विचारलं होतंस.”

तिचा हात थांबला. “व्हय. इचारलं हुतं.”

“त्याचं उत्तर द्यायला आलेय.”

“आत्ता?”

“मला आत्ता कळलं.”

सांगितलं. आधी मराठीत, साध्या शब्दांत, सूर्यापासून त्या मुलीपर्यंत. मग हेही सांगितलं की, बघ, देणं आणि पुरणं एक नाही, मी तसं म्हणत नाही.

“मला कळतं की उस्तानीबी,” रजिया म्हणाली. “पन गुन्हा काय हुता, ह्ये तर इचारलंय न्हवं?” सूप बाजूला ठेवून ती माझ्याकडे वळून बसली. “मंग ती पोरगी काय सांगती?”

“कोण?”

“ती पुरल्याली. तिला इचारलं, तर ती काय जबाब देती?”

मी पान पुन्हा बघितलं. पुढं बघितलं, मागं बघितलं. हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि स्वतःला मी फार चौकस समजायला लागले होते.

“तिथं जबाब लिहिलेला नाही,” मी म्हटलं. “नुसता सवाल आहे.”

“हां,” रजिया म्हणाली. जणू तिला तेच वाटत होतं.

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. “काय म्हनती गं उस्तानी? कुनाला पुरलं?”

रजिया उठली आणि सासूच्या कानाशी वाकून सगळं ओरडून सांगितलं. सूर्य, डोंगर, समुद्र, पोरगी. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. पाव शतकापूर्वी जे मी आळीभर ऐकवलं होतं, ते आज पुन्हा आळीभर गेलं. फक्त आज ते मराठीत होतं.

हुसेनबी कोपरावर रेलून अर्ध्या उठल्या. “ह्ये कुरानात हाय?”

“आहे, हुसेनबी,” मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हटलं.

“तवा वाचलं हुतंस त्यात?”

“त्यातच.”

“मंग तवा का न्हाई सांगितलं?” बाईचा आवाज पूर्वीचा झाला. “आमी अडानी मानसं. तुला बोलावलं हुतं ते काय च्या प्यायला?”

आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

मी सांगितलं असतं, तर हुसेनबींनी ऐकलं असतं का? मला ठाऊक नाही. त्या बाई साध्या नव्हत्या. कदाचित मलाच ओसरीवरून उठवून लावलं असतं. पण न ऐकण्याची पाळीसुद्धा मी त्यांच्यावर येऊ दिली नाही. ती पाळी यायला हवी होती.

निघताना रजियानं पिशवीत इंद्रायणी तांदूळ घातला. नको म्हणत होते, तर म्हणाली, “साधी वस्तू हाय, घ्या.” माऊनची गोष्ट मी चहाच्या वेळी सांगितली होती, ती तिनं अशी लगेच वापरली. फाट्यापर्यंत गुडघा ओढत माझ्याबरोबर आली. पलीकडच्या खाचरात पोरीबाळी भाताची लावणी करत होत्या, रजिया तिकडे बघत चालली होती. एसटी लांबून दिसायला लागली तेव्हा तिनं माझा हात धरला. त्या दिवसासारखाच, फक्त आता गार आणि खरबरीत.

म्हणाली, “उस्तानीबी, सलमाला बोलावून घेते. येईल का न्हाई म्हाईत न्हाई, पन बोलावते. तुमी परत या, आनि तिच्या म्होरं वाचा. आधी मराठीत सांगा, मंग अरबीत वाचा. जबाब काय द्यायचा त्यो तिचा ती दील. मागल्या खेपेला तुमी निम्मंच वाचलं हुतं.”